वूडक्राफ्टची पाठ आणि पोट

जुनी अमेरिकी शिकारी सुरी हातात आली की संग्राहक आधी ठसा शोधतो. मुठीलगत पात्यावर दोन-तीन ओळी असतात: कारखाना, गाव, राज्य. किंमत बरीचशी तिथेच ठरते, तेव्हा त्याचं चुकतं असं नाही. पण मार्बल्स कारखान्याची वूडक्राफ्ट सुरी समोर असेल तर ठसा शेवटी वाचावा, अशा मताचा मी आहे.

वेबस्टर मार्बल हा मिशिगनच्या उत्तर भागातल्या जंगलांत कुठे किती लाकूड निघेल याचा अदमास काढत हिंडणारा माणूस. कमरेला कुऱ्हाड लावून चालायचं तर धारेची भीती. म्हणून त्याने धारेवर बसणारं आणि नको तेव्हा दांड्यात दुमडून जाणारं झाकण बसवलेली छोटी कुऱ्हाड केली. तिचं पेटंट १८९८ चं. ग्लॅडस्टन गावच्या त्याच्या कारखान्यातून पुढे सुऱ्या निघाल्या. त्यांतली ‘आयडियल’ आधीची. पात्यावर लांब पन्हळ असलेली, देखणी, जराशी ऐटबाजही. वूडक्राफ्टमध्ये ती ऐट उरलेली नाही.

पातं जेमतेम साडेचार इंचांचं. मुठीपाशी ते अरुंद निघतं आणि पुढे जाता जाता रुंदावतं. धार काही अंतर सरळ जाते, मग मोठं वळण घेत टोकाकडे चढते. हेच सुरीचं पोट. पाठ मात्र जाड राहते, वर बोट रेटायला बारीक आडव्या खाचा, आणि टोकाआधी ती अलगद खाली उतरते. हरीण सोलताना या घाटाचा अर्थ कळतो. कातडं आणि मांस यांच्यामध्ये फिरतं ते फक्त पोट. टोक वर उचललेलं असल्याने कातड्यात भोक पडत नाही. जोर पाठीतून येतो, नाजूकपणा पोटातून. एवढ्याशा लांबीत दोन स्वभाव इतके बेमालूम सांधलेली दुसरी कारखानी सुरी मला माहीत नाही. इतर कारखान्यांनी हा घाट थोड्याफार फरकाने उचलला. नकलांमध्ये पोट असतं, पण पाठीचा तो उतार बहुधा घाईत आटोपलेला दिसतो.

म्हणून आधी बाह्यरेषा पाहावी. वर्षानुवर्षं पाजवलेल्या सुरीचं पोट झिजतं, पातं अरुंद होतं आणि वूडक्राफ्टची साधी सुरी होऊन बसते. ठसा कितीही ठळक असो, गेलेलं पोलाद परत येत नाही. जुन्या बाह्यरेषेचा कागदी छाप जवळ ठेवून पातं त्यावर धरलं, की किती झीज झाली ते लगेच समजतं.

मूठ चामड्याच्या चकत्यांची. पात्याच्या बारीक शेपटीवर त्या एकेक ओवायच्या, दाबून घट्ट करायच्या, मग घासून आकार द्यायचा. शेवटाला ॲल्युमिनियमची टोपी किंवा शिंगाचा तुकडा. (अमेरिकी सुरीकारांकडे सांबरशिंग भारतातून जात असे, ते आतून भरीव, म्हणून मुठीला पसंत. पुढे आपल्याकडून त्याची निर्यात बंद झाली.) चामडं सुकलं की चकत्यांमध्ये फटी पडतात. जुन्या मुठीत त्या असायच्याच. एकही फट नाही, रंग एकसारखा, असं असेल तर मूठ नवी बसवली आहे का, हे विचारावं.

सुरी तिच्याच म्यानात वर्षानुवर्षं ठेवणं हा प्रेमळ अपराध. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि ओल पितळाला हिरवं पाडतात आणि पोलादाला खड्डे. ताक पितळी भांड्यात कळकतं, त्यातलाच हा प्रकार. म्यान जपावं, पण शेजारी.

आता ठसा. वूडक्राफ्टवर पेटंटचं साल येतं, १९१६. नवखा विक्रेता तेच सुरीच्या जन्माचं साल सांगतो. ते पेटंटचं आहे. तोच आकडा पुढे कितीतरी वर्षं छापला गेला. खरा अंदाज टोपीचा धातू, चकत्यांची रचना आणि म्यानाची शिवण एकत्र पाहून बांधावा लागतो. अक्षरांच्या कडा मात्र भिंगातून पाहाव्यात. चाकावर चकचकीत केलेल्या सुरीत त्या गोलसर होतात, आणि पाठीवरच्या खाचाही बोथट लागतात. अशी सुरी आरशासारखी चमकली तरी मी ती घेणार नाही. राखाडी पडलेली, पोट शाबूत असलेली, म्यान हरवलेलीसुद्धा चालेल.