पंचसूत्री आणि ग्रंथपालनाचे व्यावसायिक कौशल्य

डॉ. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीवरील ग्रंथ १९३१ साली मद्रासहून प्रसिद्ध झाला. अध्यापनात तो बहुधा पाच वाक्यांपुरताच उरतो. सूत्रे पाठ होतात, त्यांमागील कार्यपद्धती दुर्लक्षित राहते. वस्तुतः वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्र मुक्तद्वार पद्धती, विषयवार मांडणी, तालिकीकरण व संदर्भसेवा या कौशल्यांचीच मागणी करते. वाचकाच्या मोघम प्रश्नातून नेमकी गरज ओळखणे केवळ व्याख्यानांतून साध्य होत नाही. २००० साली न्यूझीलंडमध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्तस्रोत प्रणाली आज विद्यार्थ्यास विनामूल्य हाताळता येते. मात्र तालिकीकरणाचे तत्त्व न समजता केलेला तिचा सराव यांत्रिकच ठरेल. म्हणून परीक्षेत सूत्रांचे पाठांतर नव्हे, तर वाचकसेवेतील त्यांचे उपयोजन तपासले जाणे आवश्यक आहे.