मदतीच्या कागदात कोण मावतो?

(पोंभुर्णा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

आपण कादंबरीची समीक्षा करतो तेव्हा विचारतो, हिचा नायक कोण? लेखकाला कोण दिसलं, कोण दिसलंच नाही? आज हेच प्रश्न मी सरकारी कागदांना विचारणार आहे. कारण आपल्या भागात कादंबरीपेक्षा हे कागदच जास्त घरांत पोचतात. एक कागद नोकरीचा, दुसरा पुराच्या मदतीचा.

आधी नोकरीचा घेऊ. इथली पोरं धानाचं काम आटोपलं की चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसची वाट धरतात. कोळसा आणि वीज, हाच जिल्ह्याचा मोठा रोजगार. दुर्गापूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. कोळशाच्या व्यापारावर ट्रकवाले जगतात, टायरची दुकानं जगतात, ढाबे जगतात. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. पण जमीन गेली म्हणून खाणीत थेट उभं राहता येत नाही, वैद्यकीय तपासणीत पास व्हावं लागतं. ते बरोबरच आहे, खाण धोक्याची जागा आहे. प्रश्न एवढाच, की नोकरी म्हटल्यावर आपल्याला डंपर आणि बॉयलरच का दिसतो? भांडार आहे, वजनकाटा आहे, हिशेबाचं टेबल आहे. तिथे बसायला दोन्ही पाय लागतात असं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे ओळखलं. कलम ३४ मध्ये ४ टक्के जागा राखीव ठेवल्या. कलम २० सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही, दुसरं काम द्यावं लागेल. चांगलं कलम आहे. पण नीट वाचा, ते ‘शासकीय आस्थापने’साठी आहे. सरकारी कंपनीचा कायम कामगार त्यात बसतो. राख उचलणारा, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणारा ठेकेदाराचा माणूस बसत नाही. हात एकाच पट्ट्यात सापडला, तरी एकाला टेबल मिळतं आणि दुसरा घरी येतो. घरी म्हणजे कुठे? नदीकाठच्या गावात. इथे दोन्ही कागद एकमेकांना भेटतात.

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. मध्य प्रदेशातून पाणी आलं, गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांतून विसर्ग वाढला आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगा गावांत शिरली. इशारे कसे मिळतात? दवंडी, भोंगा, मोबाइल, आणि अडचण आली तर १०७७ ला फोन. आता समजा माणूस कर्णबधिर आहे. दवंडी त्याच्या दारावरून गेली, त्याला कळली नाही. १०७७ वर बोलणार कसा? आणि पलीकडचं ऐकणार कसा?

म्हणून मी आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा उघडला. कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष आहेत: निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता. मग ‘विशेष तरतूद’ येते, ती विधवा आणि अनाथांसाठी. दिव्यांगांचं नाव नाही. कलम ६१ म्हणतं मदतीत भेदभाव नको. लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म असे आधार मोजले आहेत. अपंगत्व मोजलेलं नाही. मदतीचे दर पाहिले, २०२२ ते २६ चे. तिथे अपंगत्व ठळकपणे भेटतं: ४० ते ६० टक्के असेल तर ७४ हजार, त्याहून जास्त असेल तर अडीच लाख. पण हे अपंगत्व पुरामुळे आलेलं. म्हणजे तिथे दिव्यांग माणूस नुकसान म्हणून मोजला जातो. आधीपासून दिव्यांग असलेला आणि पुरात सापडलेला माणूस शोधायला मला २०१६ च्या कायद्याचं कलम ८ उघडावं लागलं.

त्या कलमात स्पष्ट आहे: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवायची. २०१९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक तत्त्वंही काढली. कागद म्हणून ती मला आवडतात. पण तत्त्वं दिल्लीत लिहिली जातात आणि पंचनामा तलाठ्याला करायचा असतो, चिखलात, तीन-चार गावं सांभाळून.

पंचनाम्यानंतर काय? यादीत विशिष्ट क्रमांक येतो, मग सेवा केंद्रात जाऊन आधारवर अंगठा. पैसे थेट खात्यात जमा होतात, मधला दलाल गेला, हे मोठं काम झालं. ते नाकारू नका. पण अंगठा कोणाचा? हा आनंदवनाचा जिल्हा आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला, बोटं झिजलेला माणूस यंत्रावर काय ठेवणार? बांबू आणि कोळसा हाताळून ज्याच्या रेषाच पुसल्या, तो काय ठेवणार? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात सांगितलं, की डिजिटल ओळख पडताळणी सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तिथे प्रश्न होता ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा, ज्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नव्हती, आणि दृष्टिहीनांचा. आपल्याकडच्या झिजलेल्या बोटांचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

कोणी म्हणेल, एवढी माणसं कुठून आणायची? अहो, निम्मी यादी तयार आहे! संजय गांधी निराधार योजनेचे दिव्यांग लाभार्थी तहसीलच्या दप्तरात आहेत. पुराचं कामही त्याच तहसीलमधून चालतं. दोन कपाटं शेजारी ठेवायची आहेत. त्यातून गावनिहाय यादी करा, प्रत्येक नावापुढे शेजारच्या एका माणसाचं नाव लिहा, जो पाणी चढताना दार ठोठावेल. पडताळणीचं यंत्र आठवड्यातून एक दिवस घरी न्या. निवाऱ्याची शाळा निवडताना उतार आणि शौचालय आधी बघा.

१९९९ पासून चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटरवरच्या पडघ्याला जाते, मधल्या सगळ्या नद्या ओलांडून. ती व्यवस्था कुणीतरी बसून आखली. इशारा शेवटच्या घरापर्यंत नेणं त्यापेक्षा सोपं काम आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: कलम ८ ची आपल्या गावाची यादी कुठे आहे? उत्तर आलं तर ती वाचून दाखवायला सांगा. आणि नसेल, तर त्याच सभेत पहिलं नाव लिहून घ्या. पावसाळ्याआधी.