रेल्वेच्या जुन्या भागपत्रांची परीक्षा

जुन्या रेल्वे-कंपन्यांचीं भागपत्रें जमविणारे संग्राहक बहुधा वरील नक्षी व सही पाहून त्यांचें मोल ठरवितात. आमच्या मतें ही परीक्षा अपुरी होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचेंच उदाहरण घ्या. १८४९ च्या करारान्वयें ईस्ट इंडिया कंपनीनें तिच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी दिली; उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलांतून भरली जाई. १८५३ त मुंबईहून ठाण्यास धांवलेल्या गाडीमागें ही हमी उभी होती. रयतेच्या पैशांतून दिलेलें हें व्याज कोणाच्या पदरीं पडलें, याचा माग भागधारकाचें नांव, तारीख व हस्तांतराचे शेरे यांवरून लागतो. असें पत्र चौकटींत मढवून त्याची पाठ झांकणें म्हणजे अर्धा पुरावा गाडणें होय. संग्राहकांनीं दोन्ही बाजूंच्या नकला प्रसिद्ध कराव्या.