कानाचे जेवण, डोळ्यांचे जेवण

साहित्याच्या टीकेसाठी आपण जे शब्द वापरतो, ते बहुतेक स्वयंपाकघरातून उचललेले आहेत. रस, रुची, गोडी, आस्वाद, चर्वणा ही सारी जिभेच्या व्यवहाराची नावे. भरतमुनींनी रसाचे स्वरूप समजावताना दृष्टान्त घेतला तोही जेवणाऱ्याचाच: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न प्रसन्न मनाने खाणारा जसा रस चाखतो, तसा नाटक पाहणारा भाव चाखतो. असे असूनही, कवितेविषयी बारकाईने बोलणाऱ्याला आपण समीक्षक म्हणतो आणि खाण्याविषयी तितक्याच बारकाईने बोलणाऱ्याला खादाड. हा पंक्तिप्रपंच काही बरा नव्हे. दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना तो मोडायला हरकत नाही.

निमित्त घ्यायचे आहे ते एका चिनी पदार्थाचे आणि तो खाण्यासाठी जमणाऱ्या मंडळींचे. पदार्थाचे नाव शियाओलोंगबाओ. शियाओलोंग म्हणजे लहानशी करंडी. शांघायजवळच्या नानश्यांग गावी १८७१ च्या सुमारास हुआंग मिंगशियान नावाच्या दुकानदाराने तो प्रथम केला, असे सांगतात. रूपाने हा आपल्या उकडीच्या मोदकाचा चुलतभाऊ. पातळ पारी, पोटात सारण, वर एकीला एक लागून पाडलेल्या कळ्या, आणि मग बांबूच्या करंडीत वाफवणे. पारी मात्र मैद्याची आणि सारण डुकराच्या खिम्याचे. शिवाय याच्या पोटात सारणाबरोबर घोटभर गरम रस्साही असतो.

पातळ पारीत रस्सा भरतात कसा, असा प्रश्न कोणत्याही सुगरणीला पडेल. त्याचे उत्तर असे: डुकराची कातडी पाण्यात पुष्कळ वेळ शिजवली की तिच्यातला चिकट अंश पाण्यात उतरतो. ते पाणी निवले की थिजून वडीसारखे होते. ही वडी बारीक करून खिम्यात कालवायची आणि पारीत भरायची. वाफ लागली की वडी वितळते आणि रस्सा आतल्या आत तयार होतो. खाणाऱ्याला मिळतो तो रस्सा. मागची खटपट त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. चांगल्या कथेतही असेच घडते.

आता खाणाऱ्यांकडे वळू. शांघायमध्ये किंवा तैपेईत सहा-आठ खवय्ये दुपारच्या जेवणाला गोल मेजाभोवती बसले की तेथे एक छोटी परिषदच भरते. करंडी येते, झाकण निघते, वाफेचा लोट उठतो. मग बोलत बसायला सवड नसते. पदार्थ निवला की पारी ताठरते, रस्सा दाटतो आणि पारी करंडीच्या बुडाला चिकटून उचलताना फाटते. म्हणून प्रत्येकाने आपला वाटा अलगद उचलून चमच्यात घ्यायचा, कडेला बारीकसे भोक पाडायचे, वाफ जाऊ द्यायची, रस्सा ओढायचा आणि मग उरलेला घास तोंडात टाकायचा. सोबत आल्याचे बारीक काप आणि काळा व्हिनेगर असतो. पण खरा जाणकार पहिला घास व्हिनेगरवाचून खातो, कारण आंबटपणाखाली सारणाचे दोष झाकतात.

घास पोटात गेला की मते निघू लागतात. एकाला कळ्या जेथे मिळतात तेथला गोळा कच्चट लागतो. दुसरा म्हणतो, रस्सा भरपूर आहे, पण नुसता तेलकट. तिसऱ्याला साखर जास्त वाटते, तर शेजाऱ्याला तीच गोडी त्या भागाची खरी खूण वाटते. या वादात एक सोय अशी आहे की, सर्वांनी तोच पदार्थ, त्याच क्षणी, त्याच उष्णतेत खाल्लेला असतो. न वाचता मत देण्याची मुभा येथे कोणाला नाही. आपल्या किती साहित्यिक परिसंवादांविषयी एवढे छातीठोकपणे सांगता येईल?

वाद मिटवण्याचा एक आधुनिक उपायही निघाला आहे. क्रिस्टोफर सेंट कॅविश हा शांघायमध्ये राहणारा खाद्यलेखक कात्री, तराजू आणि जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन शहरातल्या ५२ दुकानांत गेला आणि २०१५ साली त्याने आपल्या मोजमापाचे कोष्टक प्रसिद्ध केले. सारणाचे आणि रश्श्याचे वजन एकत्र करायचे आणि त्याला पारीच्या जाडीने भागायचे, असे त्याचे सूत्र. यात थट्टेचा भाग आहे, पण ही थट्टा पोकळ नाही. पातळ पारीत पुष्कळ रस्सा राखणे हे हाताचे कसब आहे, आणि कसब काही अंशी मोजता येते. तैपेईच्या डिन ताय फुंग या उपाहारगृहाची ख्याती तर आकड्यांवरच उभी आहे: पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, कळ्या १८. मात्र वृत्तातल्या मात्रा मोजून जशी कविता सापडत नाही, तशी चव या कोष्टकात सापडत नाही. तराजू चुकारपणा पकडील. मीठ कमी पडले की नाही, हे त्याला कळणार नाही.

जिभेला टीकेची खरी शिस्त लावली ती अठराव्या शतकातल्या युआन मेई या कवीने. याचा जन्म १७१६ चा. ऐन उमेदीत सरकारी नोकरी सोडून तो नानजिंग येथे सुईयुआन नावाच्या आपल्या बागेत राहिला. १७९२ साली त्याने पाकशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तीनशेहून अधिक पदार्थ आहेत; पण त्याचे मोल आहे ते आरंभीच्या नियमांत आणि निषेधांत. त्यातले दोन निषेध मला साहित्याच्या प्रत्येक वाचकाने पाठ करावेत असे वाटतात. एक, कानाने जेवू नये. दुसरा, डोळ्यांनी जेवू नये.

कानाने जेवणे म्हणजे नावाला भुलणे. एका यजमानाने त्याला पाखराच्या घरट्याचा महागडा पदार्थ भांडेभर वाढला. चव काहीच नव्हती, पण पाहुणे वाहवा करीत राहिले. युआन मेईने हसत सुनावले की, आम्ही घरटी खायला आलो आहोत, त्यांचा व्यापार करायला नव्हे. श्रीमंतीच दाखवायची तर वाडग्यात मोती का टाकत नाही, असेही तो लिहितो. चांगला केलेला साधा सोयाबीनचा तोफू त्याला या घरट्याहून कितीतरी सरस वाटे. डोळ्यांनी जेवणे म्हणजे संख्येला भुलणे. एका व्यापाऱ्याकडे त्याच्यापुढे चाळीसहून अधिक पदार्थ आले. यजमान खूश झाला. पाहुण्याने घरी जाऊन पेज शिजवली आणि भूक भागवली.

लेखकाचे नाव वाचून कथा आवडणारे कानाने जेवतात; पृष्ठसंख्या पाहून कादंबरीला थोर म्हणणारे डोळ्यांनी. आणि खुद्द दिवाळी अंकातही अनुक्रमणिकेची लांबी पाहून तृप्त होणारे वाचक नाहीत, असे कोण म्हणेल?

गंमत म्हणजे आपला विषय या ग्रंथातही भेटतो. ग्वांगडोंग प्रांतात एका अधिकाऱ्याकडे खाल्लेल्या मांसाच्या वाफवलेल्या पदार्थाची त्याने स्तुती केली आहे. त्याचे नाव तो ‘दिआनबुलेंग’ असे देतो. ‘डम्पलिंग’ या इंग्रजी शब्दाचेच हे चिनी रूप असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण युआन मेई नावापाशी थांबत नाही. कातडी शिजवून काढलेला चिकट रस सारणात असल्यामुळे तो पदार्थ मऊ लागतो, असे कारण तो देतो. ‘आवडले’ आणि ‘का आवडले’ यांत जे अंतर आहे, तेवढीच टीकेची जागा.

या कवीने आणखी एक विलक्षण गोष्ट केली. त्याने आपल्या आचाऱ्याचे, वांग शियाओयूचे चरित्र लिहिले. चांगल्या मोठ्या घरची चाकरी मिळत असता तू माझ्याकडेच का राहिलास, असे त्याने आचाऱ्याला विचारले होते. आचाऱ्याच्या उत्तराचा भाव असा: आपल्याला ओळखणारा भेटणे कठीण, पण चव ओळखणारा भेटणे त्याहून कठीण. इतर धनी नुसती स्तुती करतात, आणि त्या स्तुतीने माझा हात बिघडत जाईल. तुम्ही रागावता, पण नेमक्या दोषावर बोट ठेवता. हा आचारी दहा वर्षांच्या आतच वारला, आणि पुढे जेवताना त्याच्या आठवणीने युआन मेईच्या डोळ्यांत पाणी येई.

दोष दाखवणाऱ्याच्या डोळ्यांत असे पाणी असावे लागते. ते नसेल तर टीका ही नुसती खोड काढणे होते. तरीही या चित्रात एक उणीव राहतेच. युआन मेई धनी होता आणि वांग चाकर. धन्याने दोष काढायचे आणि चाकराने ऐकायचे, ही वाट एकेरी. शांघायच्या गोल मेजावर सगळे बरोबरीचे, पण तेथेही रांधणारा भिंतीपलीकडे वाफेत उभा असतो.

ही भिंत पडते ती उत्तर चीनमध्ये, नववर्षाच्या आदल्या रात्री. घरातली थोरली-धाकटी मंडळी एकत्र बसून जियाओझी करतात. आकार थेट आपल्या करंजीचा. कोणी पारी लाटतो, कोणी सारण भरतो, कोणी कडा दाबतो. मग ती उकळत्या पाण्यात पडतात, आणि कोणाची कड सुटली ते सर्वांना दिसते. करणारे आणि खाणारे तेच असल्यामुळे दोष सांगताना कोणाचा तोरा नसतो आणि ऐकताना कोणाला अपमान वाटत नाही.

आपल्याकडेही शेजारणी एकमेकींच्या घरी फराळाला हात लावायला जात, तेव्हा करंजीच्या मुरडीची अशीच परीक्षा होई. चिंता आहे ती पुढच्या पायरीची. ताट समोर आले की घरातली पुरुष मंडळी ‘छान’ एवढेच म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात. वहीवर नुसते ‘छान’ लिहून मास्तर मोकळा झाला की मुलगा काही शिकत नाही, आणि मास्तराने वही वाचली नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. रांधणारीलाही ते ठाऊक असते. बेसन किंचित कमी भाजले गेले, पण पाक अगदी जमला, असे लाडवाविषयी सांगणारा माणूस तिला वर्षभर आठवतो, कारण त्याने तिचे काम काम म्हणून पाहिलेले असते.

म्हणून यंदाच्या फराळाला, आणि जमल्यास या अंकातल्या मजकुरालाही, नुसते ‘छान’ म्हणू नये. गरम असताना खावे, स्वतःच्या जिभेने खावे, आणि मग एक वाक्य तरी नेमके बोलावे. निदान करणारीला कळू द्यावे की कोणीतरी खरोखर जेवले.