एक भागिले एन

१९६५ सालच्या ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’मध्ये दोन शोधनिबंध एकमेकांना खेटून आले आहेत. ४५७ ते ४६२ या पानांवर वाय. एस. चाउ आणि हर्बर्ट रॉबिन्स, आणि लगेच ४६३पासून पाच पानं लिऑन ग्लेसर. पहिला सरासरीबद्दल आहे, दुसरा रिग्रेशनबद्दल. पण ते सलगच वाचावेत.

पेच दोन्हीकडे एकच. उत्तर ठरावीक चुकीच्या आत हवं, तेही शंभरात पंच्याण्णव वेळा. मग निरीक्षणं किती घ्यायची? ते ठरतं प्रचरणावर, म्हणजे निरीक्षणं किती विखुरलेली आहेत त्यावर, आणि प्रचरण कळायला तर निरीक्षणंच हवीत. चार्ल्स स्टाइन यांनी १९४५मध्ये दोन टप्प्यांचा तोडगा काढला होता: आधी थोडी निरीक्षणं घेऊन प्रचरणाचा अंदाज, मग त्यावरून उरलेली संख्या. तो बिनचूक आहे, पण प्रसामान्य वितरण गृहीत धरतो आणि पहिल्या टप्प्यानंतर प्रचरणाकडे पुन्हा बघत नाही. चाउ-रॉबिन्स प्रत्येक निरीक्षणानंतर बघतात. आत्तापर्यंतच्या प्रचरणाला पुरेल एवढी संख्या भरली, की थांबायचं.

आता त्यांचं सूत्र जवळून पाहा. नमुन्याच्या प्रचरणात त्यांनी एक छोटं पद मिळवलं आहे: एक भागिले एन, एन म्हणजे आत्तापर्यंतच्या निरीक्षणांची संख्या. घाईत वाचताना नजरेतून निसटेल, पण सगळी खुमारी तिथंच आहे. पहिल्या निरीक्षणाला प्रचरण शून्यच असतं; हे पद नसतं, तर नियमानं तिथंच ‘पुरे’ म्हटलं असतं. ढोबळ मापानं मोजताना पहिले चार-पाच आकडे सारखेच निघाले, तरी हाच धोका. समजा, चूक ०.१च्या आत हवी आणि पंच्याण्णव टक्के विश्वासासाठीचा गुणक १.९६ धरला. या एका पदामुळे विसाव्या निरीक्षणाआधी थांबताच येत नाही. आणि त्याची किंमत? प्रचरण नेमकं १ असेल, तर ३८५ निरीक्षणं लागली असती, तिथं ३८६ लागतात. एका जादा निरीक्षणात केवढी राखण!

ग्लेसर हाच नियम रिग्रेशनच्या रेषेकडे नेतात, आणि तिथं नुसती संख्या पुरत नाही. सगळ्या वाफ्यांना खत सारखंच घातलं, तर हजार वाफे मोजूनही खतामागे पीक किती वाढतं ते कळणार नाही. म्हणून त्यांची अट अशी: क्ष-मूल्यांच्या (इथं खताच्या मात्रांच्या) मॅट्रिक्सचा तिच्या परिवर्ताशी गुणाकार, भागिले एन, हा एका धन निश्चित मॅट्रिक्सकडे गेला पाहिजे. म्हणजे निरीक्षणं वाढत गेली, तरी प्रत्येक दिशेचा पसारा टिकला पाहिजे. मला ही अट कोरडी, तांत्रिक वाटत नाही. कुठे मोजायचं हा प्रयोग करणाऱ्याचा निर्णय तिनं थेट सिद्धांतात आणला.

हमी मात्र दोन्हीकडे अनंतस्पर्शी आहे. मागितलेली चूक शून्याकडे सरकेल तसतसा विश्वास पंच्याण्णवाकडे जातो. प्रचरण आधीच ठाऊक असतं तर जेवढी निरीक्षणं लागली असती, त्यांच्याशी प्रत्यक्षातल्या संख्येचं गुणोत्तरही एककडे जातं. स्टाइन यांचा बिनचूकपणा इथं हातचा गेला, हे खरं. पण त्या बदल्यात प्रसामान्यतेचं बंधन सुटलं, प्रचरण सांत असलं की भागतं; आणि हा सौदा मला पटतो.