उंदीर आणि तलवार

उल्हासनगरला कॅम्प पाचात भाच्याकडे गेलो, तर स्वारी संगणकापुढे तलवार परजत बसलेली. तलवार कसली, माऊस! २०१९ साली आलेला 'मॉर्डहाऊ' हा खेळ. शेजारचा संगणक मला देऊन चिरंजीव म्हणाले, "मामा, या मैदानात!"

माऊस हलवाल त्या दिशेने वार निघतो. खरी मेख पुढेच. वार सुटल्यावर माऊस शत्रूकडे वळवला की पातं लवकर पोचतं, उलट वळवला की उशिरा. मी आपला घाईने अडवून मोकळा होई, आणि मग सावकाश माझं मुंडकं उडे. असं सात वेळा!

टीकाकार म्हणून सांगतो, युक्ती अव्वल आहे. वळण्याच्या वेगालाही लगाम आहे, त्यामुळे नुसता भरधाव माऊस कामाचा नाही. पण आपल्या दांडपट्ट्याची मूठ अख्खं मनगट जखडते. सारं अंग फिरवावं लागतं. इथे सगळं शौर्य मनगटात आणि अंग खुर्चीत!

आठव्या डावात मी जिंकलो. लहानपणी कॅरमला मी त्याच्याशी मुद्दाम हरायचो, तेव्हा माझा चेहरा जसा व्हायचा, तसाच आता त्याचा झाला होता. मी काही बोललो नाही. चहा मागितला.