कसूर नसताना सजा

इटलीत पार्मा शहराजवळ फोन्तानेल्लातो येथे सानविताले घराण्याची खंदकाने वेढलेली गढी आहे. तिच्यातल्या एका लहानशा खोलीत पार्मिजानिनोने १५२४ च्या सुमारास अ‍ॅक्टिऑनची शोककथा ओल्या गिलाव्यावर रंगवली. चित्रकाराचे वय तेव्हा अवघे विशीच्या आसपास.

कथा रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस'मधली. शिकारीला निघालेला अ‍ॅक्टिऑन वाट चुकतो आणि स्नान करणारी डायना देवी त्याच्या नजरेस पडते. देवी त्याच्यावर पाणी फेकते, त्याचे हरीण होते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडून खातात. ओरडून नाव सांगावे, तर वाचाच गेलेली! त्याचे सोबती मात्र कुत्र्यांना चेतवत त्यालाच हाका मारतात.

पाण्याचा शिपका अंगावर आलेला क्षण चित्रकाराने अचूक पकडला आहे. डोके हरणाचे, धड आणि हात अजून माणसाचे. माणूसपण हिरावले जात असताना ते कसे दिसते, हे आम्हाला इथे दिसले.

चित्रांखाली भिंतीभर लॅटिन मजकूर फिरतो. तो देवीलाच जाब विचारतो : नशिबानेच त्याला इथे आणले असेल, तर ही सजा कशासाठी? शिक्षा गुन्ह्यालाच हवी; असा क्रोध देवीला शोभत नाही. ज्या भिंतीवर देवीचा विजय रंगवला, तिच्यावरच तिच्याविरुद्धची फिर्याद लिहिलेली आहे. आमच्या मते या खोलीचे मोठेपण इथे आहे.

एक तक्रार मात्र आहे. पार्मिजानिनोची रेषा फार नाजूक. छतावर वेलींचा मांडव, गुलाब, गोंडस मुले. या गोडव्यात कुत्र्यांचे दात बोथट होतात. वेदना पाहणाऱ्यापर्यंत उशिरा पोहोचते.

पण ती पोहोचते. छताच्या मध्यभागी आरसा आहे आणि त्याभोवती शेवटाकडे लक्ष ठेवण्याचा इशारा. वर पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो.

इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी हद्दपार केले. नको ते नकळत पाहिले, हाच आपला अपराध, असे सांगताना त्याने स्वतःची तुलना अ‍ॅक्टिऑनशीच केली. नियत न पाहता सजा सुनावणारे दरबार तेव्हाही होते. निकाल फिरवणे कलेच्या हाती नसते. फिर्याद मात्र ती शतकानुशतके जिवंत ठेवते. या भिंतीने ते केले आहे.